मागे झुकलेले गर्भाशय आणि तुंबलेली लघवी : पंधराव्या आठवड्यातील एक प्रकरण

गरोदरपणाचे पंधरा आठवडे पूर्ण झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती कळव्याहून रिक्षाने ठाण्यातील माझ्या दवाखान्यात आली, तेव्हा तिला खुर्चीवर सरळ बसवत नव्हते. एका हाताने टेबलाची कड धरून ती अर्धवट उभी होती. सोबत सासूबाई होत्या आणि त्यांनी मला पहिल्यांदा सांगितले ते कौतुकाने : "चार दिवसांत पोट छान दिसायला लागलंय, मॅडम. फक्त हिला बसवत नाही आणि रात्रभर झोप नाही." तपासणीच्या टेबलावर तिला निजवल्यावर पोट खरोखरच बेंबीपर्यंत वर आलेले दिसले. पंधराव्या आठवड्यात गर्भाशयाचा माथा जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी पुढून लागणाऱ्या हाडाच्या, थोडा वर, बेंबीपासून बराच खाली असतो. बेंबीपर्यंत तो विसाव्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतो. हाताला लागणारा तो फुगवटा गुळगुळीत आणि ताणलेला होता, बोटाने ठोकल्यावर भरीव वाजत होता, आणि त्यावर जरासा दाब देताच तिने माझे मनगट घट्ट पकडले. घरच्यांनी चार दिवस ज्याचे कौतुक केले ते वाढते पोट म्हणजे तिचे तुडुंब भरलेले मूत्राशय होते.

हे प्रकरण तिच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम आहे तसाच ठेवला आहे. लिहिण्याचे कारण असे, की मागे झुकलेल्या गर्भाशयाबद्दल आपल्याकडे एक तर विनाकारण भीती घातली जाते किंवा "काही होत नाही" एवढे सांगून विषय मिटवला जातो. या स्त्रीच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडल्या आणि त्यांतील दुसरी माझ्याकडून घडली.

पहिले सहा आठवडे ते बारावा आठवडा

तिचे वय २७ वर्षे, लग्नाला दोन वर्षे झालेली, पहिलेच गरोदरपण. पाळी नियमित होती; मात्र शाळेत असल्यापासून पाळीच्या पहिल्या दोन दिवशी कंबर आणि ओटीपोट खूप दुखत असे. पोटाची कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती. ती ऐरोलीतील एका कार्यालयात ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेण्याचे काम करीत होती. कळव्याहून ठाण्याला आणि तिथून गाडी बदलून ट्रान्स हार्बर मार्गाने ऐरोली असा तिचा रोजचा प्रवास होता. सकाळी साडेसातला घर सोडल्यावर ती थेट दुपारी एकच्या जेवणाच्या सुट्टीत लघवीला जात असे, कारण स्टेशनवरचे स्वच्छतागृह ती टाळायची आणि कामाच्या वेळेत मध्येच उठण्याचा तिला संकोच वाटायचा. त्यासाठी सकाळी पाणीही मोजूनच पीत असे. ठाणे आणि नवी मुंबईच्या दरम्यान रोज लोकलने जाणाऱ्या किती स्त्रियांचा दिवस असाच जातो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ही सवय मी पहिल्या भेटीत विचारून घ्यायला हवी होती आणि मी ती विचारली नाही.

पाळी चुकल्यावर सहाव्या आठवड्यात तिने घराजवळच्या एका केंद्रात पोटावरून सोनोग्राफी करून घेतली होती. अहवालात लिहिले होते की गर्भाची पिशवी दिसते, गर्भ व हृदयाचे ठोके स्पष्ट दिसत नाहीत, आणि गर्भाशय मागे झुकलेले आहे. तिथे कोणीतरी तोंडी सांगितले, "पिशवी उलटी आहे." त्या एका शब्दाने घरात पुढचे आठ दिवस काय झाले ते तिने मला नंतर सांगितले. शेजारच्या बाईंच्या मते उलट्या पिशवीत मूल टिकत नाही. नात्यातल्या एका काकूंनी मूल पायाळू होणार, असे सांगितले. गावाहून फोन आला की बेंबी सरकल्यावर जशी तेल लावून जागेवर आणतात तसे जाणत्या बाईकडून पोट चोळून घ्यावे, म्हणजे पिशवी सुलटी होते. सुदैवाने तिच्या नवऱ्याने चोळून घेण्यास ठाम नकार दिला आणि ते दोघे माझ्याकडे आले.

इथे "उलटी" या शब्दापाशी जरा थांबावे लागेल. मराठीत मूल पायाकडून येणार असले तरी आपण "उलटे आहे" म्हणतो, आणि गर्भाशय मागच्या बाजूला कलले असले तरी तोच शब्द वापरतो. या दोहोंचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. त्यातच काहीजणींना "अंग बाहेर येणे" हा तिसराच आजार आठवतो. गर्भाशय मागे झुकलेले असते तेव्हा ते उलटेही नसते आणि जागेवरून सरकलेलेही नसते. ते आपल्याच जागी असते, फक्त त्याचा माथा पोटाच्या भिंतीकडे कलण्याऐवजी पाठीकडे, म्हणजे कंबरेखालच्या त्रिकास्थी या हाडाच्या दिशेने कललेला असतो. साधारण पाचांपैकी एका स्त्रीचे गर्भाशय असे असते. माझ्यापुरता मी "उलटी पिशवी" हा शब्द बोलण्यातून काढून टाकला आहे.

सातव्या आठवड्यात मी योनिमार्गातून सोनोग्राफी केली. गर्भाची लांबी १० मिलिमीटर होती आणि ठोके स्वच्छ दिसत होते. मागे झुकलेल्या गर्भाशयाचा माथा पोटावर ठेवलेल्या यंत्रापासून दूर जातो आणि मध्ये आतड्यांतील वायू येतो, त्यामुळे सहाव्या-सातव्या आठवड्यात पोटावरून पाहताना गर्भ नीट न दिसणे अगदी स्वाभाविक असते. आतून केलेल्या तपासणीत यंत्र गर्भाशयाच्या जवळ पोहोचते. केवळ पोटावरच्या पहिल्या सोनोग्राफीवरून "ठोके नाहीत" असे ऐकून खचलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. अशा वेळी आतून तपासणी झाल्याशिवाय आणि गरज असेल तर आठवडा-दहा दिवसांनी ती पुन्हा केल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

त्या दिवशी मी तिला जे सांगितले ते चूक नव्हते. गर्भाशय मागे झुकलेले असल्यामुळे गर्भपात होत नाही, बाळात व्यंग येत नाही, अंथरुणावर पडून राहण्याची गरज नाही, आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात गर्भाशय वाढता वाढता बहुतेक वेळा आपोआप ओटीपोटातून वर येते, हे सगळे खरेच आहे. "काळजी करू नका," असे म्हणून मी कागदावर पुढच्या भेटीची तारीख लिहिली. मात्र ते वर येणे झाले नाही तर काय जाणवेल, हे वाक्य मी बोलले नाही. आठ दिवस घाबरलेल्या मुलीसमोर आणखी एक भीती ठेवू नये, असा त्यामागे विचार होता. आज मला तो विचार पटत नाही.

बाराव्या आठवड्यातील सोनोग्राफीत बाळ वयाप्रमाणे वाढत होते. गर्भाशय अजूनही मागेच आहे, अशी नोंद अहवालाच्या शेवटच्या ओळीत होती. बाराव्या आठवड्यात असे असणे म्हणजे आजार नव्हे, म्हणून ती ओळ वाचून मी पुढे गेले.

लघवीची तक्रार आणि तिचा लावलेला अर्थ

चौदाव्या आठवड्यात तिला वारंवार लघवीला जावेसे वाटू लागले. जाऊन बसले की थोडीशीच होई आणि उठले की पुन्हा जावेसे वाटे. घरात साहजिकच उन्हाळी लागली असे ठरले आणि धन्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, ताक असे उपाय सुरू झाले. त्यात वाईट काही नाही. परंतु ज्या मूत्राशयाला रिकामे होता येत नाही त्यात भरपूर पाणी घालत राहिल्याने त्रास वाढतच जाणार होता. जवळच्या एका दवाखान्यात लघवीची साधी तपासणी झाली, काही पूपेशी आढळल्या आणि जंतुसंसर्गाची पाच दिवसांची गोळी मिळाली. कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत, हा अहवाल दोन दिवसांनी आला. तोपर्यंत तिला जरा बरे वाटेल या आशेवर सगळे थांबले होते.

तिच्या तक्रारीत दोन खुणा होत्या. पहिली अशी की लघवीला जळजळ नव्हती; धार सुरू व्हायलाच वेळ लागत होता. सुरुवात करण्यासाठी तिला पुढे वाकावे लागे, कधी अर्धे उठावे लागे. जंतुसंसर्गात लघवी लगेच होते आणि जळते. इथे ती अडत होती. दुसरी खूण तिने लाजेने कोणालाही सांगितली नव्हती. शेवटच्या दोन दिवसांत जिना चढताना, खोकताना थेंब थेंब गळून कपडे ओले होत होते. लघवी आपोआप गळते म्हणजे ती मोकळी होते आहे, असाच कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात काठोकाठ भरलेल्या हंड्यातून सांडावे तशी ती गळत होती. त्याच चार दिवसांत शौचाला झाले नव्हते आणि कंबरेच्या खालच्या भागात, माकडहाडाच्या वर, सतत दाब जाणवत होता. आदल्या रात्री ती दोन वेळा अर्धा-अर्धा तास स्वच्छतागृहात बसून राहिली आणि थेंबही आला नाही.

तपासणीत काय आढळले

सर्वांत आधी मूत्राशयात रबरी नळी घातली. नळीला जोडलेली लघवीची पिशवी भरत गेली तसे समोरचे पोट डोळ्यांदेखत खाली बसत गेले. सासूबाई पडद्याच्या अलीकडे उभ्या होत्या. त्यांनी पोटाकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले आणि काही न बोलता सुनेच्या कपाळावरून हात फिरवला. पहिल्या वीस मिनिटांत १,३०० मिलिलिटर लघवी निघाली. साधारणपणे चारशे-पाचशे मिलिलिटर साचले की माणसाला थांबवत नाही. एवढे ताणलेले मूत्राशय काही दिवस तसेच राहिले तर त्याच्या स्नायूंची आकुंचन पावण्याची ताकद कमी होते आणि मागे मूत्रपिंडांवरही दाब येऊ शकतो. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे तिच्या रक्तातील क्रिएटिनिन सामान्य होते. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांच्या नलिका किंचित फुगलेल्या दिसल्या. पुढच्या आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या.

मूत्राशय रिकामे झाल्यावर आतून तपासले. एरवी बोट आत गेल्यावर गर्भाशयमुख सहज हाताला लागते. इथे ते लागेचना. जघनास्थीच्या मागे, पार वर चढून गेलेले, बोटाच्या टोकाला जेमतेम स्पर्श होईल असे. उलट योनिमार्गाच्या मागच्या बाजूची सगळी जागा एका गोल, मऊ गोळ्याने भरलेली होती. तो गोळा म्हणजे गर्भाशयाचा माथा, बाळासह, त्रिकास्थीच्या खोलगट भागात बसलेला. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १५० होते, पाणी पुरेसे होते आणि गर्भाशयमुख लांबट, ताणून मूत्राशयाला चिकटल्यासारखे दिसत होते.

ही स्थिती म्हणजे मागे झुकलेले गर्भाशय ओटीपोटात अडकणे. ती दुर्मीळ आहे. सुमारे तीन हजार गरोदरपणांत एखाद्या वेळी ती आढळते, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. म्हणजे पाचांपैकी एकीचे गर्भाशय मागे झुकलेले असले तरी त्यांतील बहुतेक सगळ्यांच्या बाबतीत ते योग्य वेळी आपसूक वर येते. अडकते ते का, हे समजण्यासाठी मी तिला माझीच मूठ दाखवली होती. मूठ म्हणजे गर्भाशयाचा माथा आणि मनगट म्हणजे गर्भाशयमुख. मागे त्रिकास्थीचा वरचा कठडा पुढे आलेला असतो, जसा मोरीचा ओटा भिंतीतून बाहेर आलेला असावा. मूठ लहान असेतोवर ती त्या कठड्याखालून सरकून वर येते. बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात ती वर आली नाही आणि कठड्याखालीच मोठी होत गेली, तर तिला वर यायला वाटच उरत नाही. माथा मागे दबून राहतो, म्हणून मनगट पुढे आणि वर ढकलले जाते. ते मूत्राशयाच्या तोंडाला आणि मूत्रमार्गाला ताणून दाबते, लघवी अडते. आणि भरलेले मूत्राशय पुढून गर्भाशयाला आणखी मागे रेटते. एक दुसऱ्याला वाढवत जाते. म्हणूनच मूत्राशय रिकामे ठेवणे हा इथे निम्म्याहून अधिक उपचार असतो आणि काही स्त्रियांमध्ये केवळ तेवढ्यानेच गर्भाशय सुटते.

मागे झुकण्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवावे लागतात. बहुतांश स्त्रियांमध्ये ते जन्मजात ठेवणीनुसार किंवा बाळंतपणानंतर बंध सैल झाल्यामुळे मागे कललेले असते, आणि बोटाने ढकलले तर हलते. त्याला आम्ही मोकळे गर्भाशय म्हणतो. काही स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक बाहेर वाढल्यामुळे, ओटीपोटातील जुन्या जंतुसंसर्गामुळे किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे ते मागच्या अवयवांना चिकटलेले असते; ते हलत नाही. मागच्या भिंतीत मोठी गाठ असली तरीही ते बांधल्यासारखे होते. अडकण्याचा धोका या दुसऱ्या गटात जास्त असतो. या स्त्रीच्या पाळीच्या जुन्या वेदनांमुळे मला चिकटलेपणाची शंका होती. मात्र पुढे गर्भाशय ज्या सहजतेने सुटले ते पाहता घट्ट चिकटलेपणा नसावा, असे वाटते. अडकण्याचे निश्चित कारण तिच्यात सापडले नाही. तासन्‌तास लघवी धरून ठेवण्याच्या सवयीने त्यात भर घातली असावी, हे माझे अनुमान आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

उपचार

नळी तशीच ठेवली आणि तिला गुडघे-छाती स्थिती शिकवली. फरशी पुसताना बसतो तसे हात-गुडघ्यांवर यायचे, मग छाती आणि गाल गादीला टेकवायचे आणि कंबर उंच ठेवायची. या स्थितीत ओटीपोटाचा कल बदलतो आणि गर्भाशयाचे वजन त्याला छातीकडे खेचते. दर तीन-चार तासांनी दहा मिनिटे तिने हे केले. बद्धकोष्ठ दूर करण्यासाठी सौम्य औषध दिले, कारण मागे भरलेले मलाशयही जागा अडवून बसते. या सगळ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी तिची कंबर हलकी झाली होती, परंतु गोळा जागचा हलला नव्हता.

आम्ही हाताने सोडवण्याचे ठरवले. शस्त्रक्रियागृहात, भूलतज्ज्ञ सोबत ठेवून, पण भूल न देता पहिला प्रयत्न केला. तिला पुन्हा गुडघे-छाती स्थितीत आणले. योनिमार्गाच्या मागच्या बाजूने दोन बोटांनी त्या गोळ्यावर सावकाश, सलग दाब दिला. दाब सरळ मधोमध दिला तर माथा कठड्यावरच आपटतो, म्हणून तो किंचित उजवीकडे, कठड्याच्या कडेने वळवून वर न्यावा लागतो. घाई केल्यास इजा होऊ शकते; हे काम धीराने, आणि वाट पाहत करायचे असते. तीन-चार मिनिटे काहीच झाले नाही. मी तिला तोंड उघडे ठेवून श्वास सोडत राहायला सांगितले. मग बोटांखालचा ताण एकदम नाहीसा झाला, गोळा पुढे आणि वर निसटला आणि इतका वेळ हाती न लागणारे गर्भाशयमुख मागे, आपल्या नेहमीच्या जागी येऊन बोटांना टेकले. ती म्हणाली, "मॅडम, आतून काहीतरी सुटलं." सोनोग्राफीत माथा पोटाच्या भिंतीजवळ दिसला आणि बाळ हातपाय हलवत होते.

असे झाले नसते तर पुढची पायरी पाठीतून भूल देऊन पुन्हा प्रयत्न करण्याची होती, कारण स्नायू सैल पडल्यावर जागा मिळते. त्यानेही न सुटल्यास गुदमार्गातून दुर्बीण घालून हवेच्या दाबाने माथा वर ढकलतात, आणि अगदी शेवटी पोट उघडून किंवा दुर्बिणीने शस्त्रक्रिया करावी लागते. विसाव्या आठवड्याच्या आत हाताने सुटण्याची शक्यता चांगली असते. त्यानंतर ती कमी होत जाते. वेळेवर ओळखले गेले नाही तर क्वचित गर्भाशयाची पुढची भिंत फुग्यासारखी ताणून बाळाला जागा करून देते आणि गरोदरपण पुढे चालत राहते. त्या स्त्रीचे सिझेरियन करताना गर्भाशयमुख आणि मूत्राशय पोटात पार वर ओढले गेलेले असतात. नेहमीच्या जागी छेद घेतला तर तो गर्भाशयाऐवजी योनिमार्गातून किंवा मूत्राशयातून जाऊ शकतो. हा धोका शस्त्रक्रियेच्या टेबलावर पहिल्यांदा कळू नये, म्हणून पंधराव्या-सोळाव्या आठवड्यात आतून तपासणारे एक बोट फार मोलाचे असते.

हा आजार नवा नाही. अठराव्या शतकात लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी गरोदर स्त्रीचे मागे अडकलेले गर्भाशय आणि त्यामुळे तुंबलेली लघवी यांचे वर्णन केले होते. मात्र पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाठदुखीपासून वंध्यत्वापर्यंत बऱ्याच गोष्टींचे खापर साध्या मागे झुकलेल्या गर्भाशयावर फोडले गेले आणि ते पुढे बांधण्याच्या शस्त्रक्रिया सरसकट होऊ लागल्या. त्या आता जवळजवळ बंद झाल्या आहेत, पण त्या काळातली भीती अहवालातील त्या एका ओळीभोवती अजूनही आहे.

त्यानंतरचे आठवडे

तिसऱ्या दिवशी नळी काढली. पहिल्यांदा ३५० मिलिलिटर लघवी झाली आणि सोनोग्राफीने पाहता मूत्राशयात ४० मिलिलिटर उरली होती, म्हणजे ते नीट रिकामे होत होते. तिला घरी सोडताना या वेळी मी सगळे बोलले आणि कागदावर लिहूनही दिले. दर दोन-अडीच तासांनी, लागो वा न लागो, लघवीला जायचे. झोपताना कुशीवर झोपायचे, आणि काही दिवस दिवसातून दोनदा गुडघे-छाती स्थिती करायची. लघवी सुरू व्हायला वेळ लागला, थेंब थेंब होऊ लागली किंवा आपोआप गळू लागली तर रात्र असो वा दिवस, रुग्णालयात यायचे. सकाळपर्यंत थांबायचे नाही. क्वचित गर्भाशय पुन्हा मागे जाऊन अडकते, म्हणून अठराव्या आठवड्यापर्यंत दर आठवड्याला तपासणी ठेवली. तसे काही झाले नाही.

कार्यालयातील प्रश्न मात्र औषधाने सुटणारा नव्हता. मी तिला एक चिठ्ठी लिहून दिली की वैद्यकीय कारणास्तव तिला दर दोन तासांनी पाच मिनिटे मोकळी मिळावीत. ती चिठ्ठी देताना तिला अवघडल्यासारखे झाले होते. पुढच्या भेटीत ती म्हणाली की तिच्या विभागप्रमुख बाईंनी चिठ्ठी वाचून पूर्ण रांगेतल्या मुलींसाठीच तशी सोय केली. दुसऱ्या दोघीही गरोदर होत्या आणि त्यांनी कधी मागितले नव्हते.

एकोणिसाव्या आठवड्यातील सविस्तर सोनोग्राफीत बाळाचे सर्व अवयव नीट होते, गर्भाशयमुख आपल्या जागी होते आणि वार मागच्या भिंतीवर, तोंडापासून दूर होती. पुढचे गरोदरपण सरळ गेले. एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा सुरू होऊन २.८ किलो वजनाची मुलगी नैसर्गिकपणे जन्मली. गर्भाशय एकदा वर आल्यावर ते पूर्वी कुठे झुकलेले होते याचा प्रसूतीच्या पद्धतीवर परिणाम होत नाही. कळांच्या वेळी कंबरेत दुखते ते याच कारणाने, असे तिच्या माहेरी कोणी तरी म्हणाले. तसे मानण्याला आधार नाही.

माझ्या कामात या प्रकरणाने एक बदल झाला. मागे झुकलेल्या गर्भाशयाची नोंद असलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला मी आता पहिल्याच भेटीत दोन गोष्टी सांगते : हे धोक्याचे नाही, आणि तेराव्या ते सतराव्या आठवड्यात लघवी अडू लागली तर उन्हाळी समजून घरी थांबू नका. त्या आठवड्यांत एक भेट मुद्दाम ठेवते. त्या भेटीत कंबर दुखते का, शौचाला होते का, धार सुरू व्हायला वेळ लागतो का, हे विचारते आणि पोटावर हात ठेवून पाहते. दोन वाक्ये एका श्वासात सांगितल्याने कोणी घाबरून गेल्याचे मी अजून पाहिलेले नाही. उलट काय पाहायचे ते कळल्यावर बायका अधिक निर्धास्त होतात, असा माझा अनुभव आहे.

प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ती मुलीला घेऊन आली. आतून तपासले तेव्हा गर्भाशय आकसून नेहमीएवढे झाले होते आणि पुन्हा मागे कलले होते, जसे ते होणार हे तिला आधीच सांगितले होते. बोटाने हलवून पाहिले आणि फाईलवर लिहिले : "गर्भाशय मागे झुकलेले, मोकळे." ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत तिने विचारले, "मोकळं म्हणजे हलणारं, हो ना? मग पुढच्या वेळी फक्त चौदाव्या आठवड्यात यायचं."